आभाळ सर्वांचे, सातबारा मोजक्यांचा

पाऊस जात पाहून पडत नाही, असे आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. ते खरेच आहे. ढग पाटलाच्या वावरावर जसा फुटतो तसाच बौद्धवाड्यावर, मातंग वस्तीवर आणि तांड्यावरही फुटतो. ऊनही सर्वांना सारखेच भाजते. पण पडलेल्या पावसाचे पाणी कुणाच्या विहिरीत साठणार, न पडलेल्या पावसाची भरपाई कुणाच्या खात्यात जमा होणार आणि अतिवृष्टीचा पंचनामा कुणाच्या बांधावर उभा राहून लिहिला जाणार, हे प्रश्न आभाळ ठरवत नाही. ते गाव ठरवते, तलाठ्याचे दप्तर ठरवते आणि मंत्रालयातून निघणारा शासन निर्णय ठरवतो. तिथे मात्र जात पाहिली जाते. उघडपणे नव्हे, तर सातबाराच्या आडून. मराठवाड्याच्या २०२५ सालच्या हवामानाचा हिशेब मांडायचा असेल तर तो केवळ मिलिमीटरमध्ये मांडून चालणार नाही. तो भूमिहीन माणसाच्या चुलीपासून मांडावा लागेल.

मराठवाडा हा सह्याद्रीच्या पलीकडचा, पर्जन्यछायेतला प्रदेश. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पलीकडे आठ जिल्ह्यांच्या वाट्याला उरलेले येते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर पाऊस. तोही सलग नाही. मृग कोरडा जातो, आर्द्रा हुलकावणी देते, आणि पुढे चार दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळून जातो. जमिनीखाली काळा पाषाण, त्यात पाणी फार मुरत नाही. वरची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसाळ्यात पाय रुतेल इतकी चिकट होते. हिवाळ्याचीही तीच तऱ्हा. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीत पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला होता आणि त्याच परभणीत मे महिन्यात तो चव्वेचाळिशीला टेकतो. अशा प्रदेशात पक्के घर, बांधावरची विहीर आणि घरात वर्षाचे धान्य असलेला माणूस हवामान सोसू शकतो. पत्र्याच्या खोलीत राहणारा आणि रोजच्या मजुरीवर पीठ आणणारा माणूस ते सोसू शकत नाही. एवढा साधा फरक आहे आणि या फरकावर आपल्या सरकारी हवामानचर्चेत कुणी बोलत नाही.

२०२५ सालच पाहा. मे महिना म्हणजे विहिरी आटण्याचा, टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याचा महिना. त्या वर्षी मे महिन्यातच धो धो पाऊस झाला. मोसमी पाऊस २५-२६ मेच्या सुमारास महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दाखल झाला, मुंबईत तर तो कधी नव्हे इतका लवकर आला. लोक हरखले. पण नंतर पावसाने पाठ फिरवली आणि जूनचा मोठा काळ मराठवाडा आभाळाकडे पाहत बसला. ज्यांनी घाईने पेरले त्यांच्यावर दुबार पेरणीची पाळी आली. ऑगस्टच्या मध्यावर नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यात एका रात्रीत गावे पाण्याखाली गेली, माणसे दगावली, लष्कराला बोलवावे लागले. आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बीड, धाराशिव, लातूर, जालना या दुष्काळाच्या यादीत कायम असणाऱ्या जिल्ह्यांत महापूर आला. सीना, सिंदफणा, मांजरा, तेरणा या नद्यांची पात्रे उन्हाळ्यात वाळू उपसायला मोकळी असतात. त्या नद्यांनी शेतातली माती खरवडून नेली. जायकवाडीतून लाखो क्युसेक पाणी सोडावे लागले आणि गोदाकाठची गावे हलवावी लागली. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे कुजले. कापसाची बोंडे काळी पडली.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. आकडा मोठा आहे. शेतकऱ्याचे नुकसान खरे होते, त्याला मदत मिळालीच पाहिजे, आणि जाहीर झालेली मदत वेळेत व पूर्ण हातात पडली पाहिजे, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. कोरडवाहू शेतकरी, मग तो कोणत्याही जातीचा असो, आमचा शत्रू नाही. पण या मदतीची रचना बघा. कोरडवाहू पिकाला हेक्टरी साडेअठरा हजार, हंगामी बागायतीला सत्तावीस हजार आणि बागायतीला साडेबत्तीस हजार. म्हणजे ज्याच्याकडे जमीन अधिक, त्याला मदत अधिक. ज्याच्याकडे पाणी आहे, त्याला त्याहून अधिक. आणि ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्या बुडालेल्या मजुरीचे काय? हेक्टरच्या या हिशेबात तिला रकाना नाही.

सोयाबीनची काढणी आणि मळणी हा मराठवाड्यातल्या मजुराच्या कमाईचा मुख्य हंगाम. नवरा-बायको मिळून एकरावर उक्ते काम घेतात. पंधरा-वीस दिवस अंग मोडून राबतात आणि त्या पैशांवर दिवाळीपर्यंतची उधारी फेडतात. कापूस वेचणीला बाया किलोवर जातात. २०२५ मध्ये सोयाबीन कुजले तेव्हा मालकाचे पीक गेले आणि मजुराची मजुरी गेली. मालकाच्या नुकसानीचा फोटो निघाला, गट नंबर लिहिला गेला, पंचनामा झाला. मजुराच्या बुडालेल्या दिवसांचा पंचनामा कुणी केला? कोणत्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद झाली? घरात पाणी शिरले तर काही मदत मिळते, भिंत पडली तर काही मिळते. पण वीस दिवसांचा रोजगार पडला तर तो कुणाला दिसत नाही, कारण रोजगाराला सातबारा नसतो.

हा सातबारा आमच्या माणसाकडे का नाही, हा प्रश्न विचारला की अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात. पण तो विचारलाच पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामे आमच्याकडून करून घेतली गेली. सांगावे पोचवले, मेलेली ढोरे ओढली, वेशीवर पहारा दिला आणि मोबदल्यात भाकर-तुकडा आणि फार तर ओसाड माळाचा एखादा पट्टा. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती साडेसोळा टक्क्यांहून अधिक आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार वहितीखालील क्षेत्रात त्यांचा वाटा नऊ टक्क्यांच्याही आत आहे. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत तर लोकसंख्येचा जवळपास पाचवा हिस्सा अनुसूचित जातींचा आहे. एवढा मोठा समाज आपत्तीच्या मदतीत मुख्यत्वे हेक्टरच्या पट्टीने मोजला जात असेल, तर तो मोजणीतून गळणार हे ठरलेलेच आहे. यासाठी कुणा अधिकाऱ्याने मुद्दाम अन्याय करण्याची गरजही उरत नाही. नियम पाळला की अन्याय आपोआप होतो.

गायरानधारकाची अवस्था तर याहून वाईट. मराठवाड्यात १९५३ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या झेंड्याखाली पडीक जमिनीसाठी सत्याग्रह झाला. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे लढे झाले, माणसे हजारो-लाखोंच्या संख्येने तुरुंगात गेली. बीड परिसरात एकनाथ आवाडांनी गायरानाचा प्रश्न आयुष्यभर लावून धरला. या लढ्यांतून आमच्या आजोबा-आजींनी माळरानावरचे दगड वेचले, बांध घातले, ज्वारी-बाजरी पिकवली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ मध्ये घेतला. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, शताब्दी वर्षाच्या आरंभाची. पण किती जणांच्या नावाने सातबारा झाला? अनेकांचे अर्ज तहसील कार्यालयाच्या कपाटात पिवळे पडले. अर्जदार वारले, त्यांची मुले म्हातारी झाली. आणि २०२२ च्या अखेरीस न्यायालयीन आदेशाचा हवाला देत राज्यभर गायरान रिकामे करण्याच्या नोटिसा निघाल्या. सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे हटवा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये दिला होता. त्यातच शासन निर्णयानुसार भूमिहीन मजुरांना वा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे. नोटीस काढणाऱ्याला निकाल आठवतो, त्यातला अपवाद आठवत नाही.

आता या गायरानधारकाचे पीक पुरात वाहून गेले, तर काय होते? पंचनाम्याला नाव नाही, पीक विम्याला पात्रता नाही, बँकेचे कर्ज नाही, किसान सन्मानचे हप्ते नाहीत. बटईने दुसऱ्याचे रान करणाऱ्याचेही तेच. बियाणे त्याचे, खत त्याचे, घाम त्याचा. भरपाई मात्र सातबारावर नाव असलेल्या मालकाची. कर्जापायी त्याने जीव दिला तरी त्याची विधवा शेतकरी आत्महत्येच्या मदतीस पात्र ठरत नाही, कारण मयताच्या घरात कुणाच्या नावाने जमीन नाही. तो शेतकरी होता हे सांगायला कागद लागतो, आणि तो कागद मिळू द्यायचा नाही असे ठरलेलेच आहे.

ओल्या दुष्काळाचे हे झाले. कोरड्याचा इतिहास याहून जुना. १९७२ चा दुष्काळ म्हटले की लोक सुकडी, मिलो, खडी फोडणे आणि पाझर तलाव यांच्या आठवणी सांगतात. रोजगार हमीचा विचार त्या दुष्काळात वाढला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि पुढे देशाने त्याचा कित्ता गिरवला, याचा महाराष्ट्राला अभिमान आहे. असायला हरकत नाही. पण त्याच १९७२ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीचे पाणी घेतले म्हणून दोन बौद्ध स्त्रियांची विटंबना करण्यात आली, हे किती जण सांगतात? दलित पँथरच्या जन्मामागे ज्या घटनांचा संताप होता त्यात ही एक होती. पाणी आटू लागले की माणुसकी आधी आटते आणि तिचा पहिला चटका वेशीबाहेरच्या वस्तीला बसतो.

२०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे मराठवाड्यात पावसाची तूट चाळीस टक्क्यांच्या घरात होती. मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. कॅमेरे आले, फलक लागले, श्रेयाची भांडणे झाली. पण ती रेल्वे शहरासाठी होती. खेड्यातल्या टँकरचे पाणी गावच्या विहिरीत ओतले जाते आणि ती विहीर बहुधा मुख्य गावठाणात असते. वस्तीतली बाई दोन घागरी घेऊन शेवटी पोचते तेव्हा तळाचा गाळ उरलेला असतो. आता ‘बाटू नका’ असे कुणी तोंडाने म्हणत नाही. ‘आमचे आधी होऊ द्या’ एवढेच म्हणतात. एवढ्यानेही काम भागते.

आणि हा दुष्काळ निव्वळ निसर्गाचा आहे काय? कृषिमूल्य आयोगानेच दाखवून दिले आहे की महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा साठ-सत्तर टक्के वाटा घेतो. दुष्काळी मराठवाड्यात साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली ती पाऊस पाहून नव्हे, सत्ता पाहून. धरण सरकारच्या पैशाचे, पाणी निसर्गाचे, ऊस प्रस्थापितांचा आणि तो तोडायला कोयता मात्र आमच्या, भटक्या-विमुक्तांच्या आणि इतर गरीब बहुजनांच्या हातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. या जोडप्याला माणूस म्हणून नव्हे, ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. पाऊस कमी झाला तर उचल वाढते, पाऊस जास्त झाला तर मजुरी बुडून पुन्हा उचलच घ्यावी लागते. खाडा पडला की दंड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. शासनाने नेमलेल्या समितीसमोर ब्याऐंशी हजारांहून अधिक महिलांचे सर्वेक्षण आले. त्यातल्या तेरा हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली होती. हवामानाचा हिशेब स्त्रीच्या शरीरापर्यंत कसा पोचतो, हे यापेक्षा वेगळे काय सांगायचे?

बाबासाहेबांनी हे सगळे फार आधी ओळखले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळ भरली ती तहान भागवण्यासाठी नव्हे, पाण्यावरचा माणूस म्हणून असलेला हक्क सांगण्यासाठी. हे आपण दरवर्षी सांगतो. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर, महानदी यांसारख्या नद्यांच्या बहुउद्देशीय विकासाचे धोरण त्यांनी घडवले, महापूर आणि दुष्काळ या दोन्हींकडे पाण्याच्या नियोजनाचा एकच प्रश्न म्हणून पाहिले, हे आपण फारसे सांगत नाही. १९१८ मध्ये लहान धारणक्षेत्रांवर लिहिताना शेतीवर अवलंबून असलेल्या जादा माणसांना उद्योगात काम द्या, असे त्यांनी मांडले. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या मसुद्यात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातिभेद न करता सामूहिक पद्धतीने कसायला द्यावी, म्हणजे कुणी जमीनदार राहणार नाही, कुळ राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही, असे सुचवले. ते मान्य झाले असते तर हेक्टरी मदतीचा हा तमाशा आज पाहावा लागला नसता.

आता थोडे आपल्या घरातले. आंबेडकरी चळवळीने हवामान, पाऊस, पीक हे विषय शेतकरी संघटनांचे म्हणून सोडून दिले आहेत. आपण नामांतरासाठी लढलो, घरे जाळून घेतली, पण हटलो नाही. आरक्षणासाठी, अत्याचाराविरुद्ध, स्मारकांसाठी लढतो, तेही आवश्यक आहे. पण पुराच्या आठवड्यात तलाठी पंचनामा करत फिरत होता तेव्हा त्याच्यासोबत आपल्या किती गटांचे किती कार्यकर्ते वस्तीत गेले? निवडणुकीत चार गट चार झेंडे घेऊन येतात. पंचनाम्याच्या दिवशी एकही झेंडा दिसत नाही. शहरात नोकरीला लागलेला आपला शिकलेला वर्ग जयंतीला गावी येतो, वर्गणी देतो, भाषण करतो. जयंतीला वस्ती भरलेली असते, कारण तोवर कारखान्यांचे पट्टे पडून ऊसतोडीला गेलेली माणसे परतलेली असतात. त्याच दिवशी त्याने दोन तास बसून प्रत्येक घराचा कागद तपासला तर? कुणाचे गायरानाचे पुरावे आहेत, कुणाचे रेशनकार्ड बंद पडले आहे, कुणाचे जॉबकार्ड मुकादमाकडे अडकले आहे, एवढे जरी वहीत लिहिले तरी पुढच्या आपत्तीला वस्ती रिकाम्या हाताने सामोरी जाणार नाही.

कायद्यात काहीच नाही असेही नाही. आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत उपजीविका बुडालेल्या कुटुंबातील प्रौढांना रोजगार हमीच्या दराने काही दिवसांची निर्वाह मदत देण्याची तरतूद आहे. ती भूमिहीन मजुराला लागू करा, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. मे २०१६ मध्ये दुष्काळासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागात रेशनकार्ड नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नये आणि उन्हाळी सुटीतही शाळेतला पोषण आहार चालू ठेवावा, असे आदेश दिले होते. तीच पद्धत महापुराच्या वर्षीही का लागू होऊ नये, ही दुसरी मागणी. गायरानावरील आणि बटईच्या पिकाची नोंद प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावाने करा आणि पंचनामा कसणाऱ्याचा करा, ही तिसरी. आणि १९९१ च्या निर्णयाखालील प्रलंबित प्रकरणे गावनिहाय जाहीर करा, ही चौथी.

रोजगार हमीबाबत तर अधिक सावध राहायला हवे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभरावरून सव्वाशे केले, असे सांगितले जाते. पण त्यात पेरणी आणि काढणीच्या हंगामात वर्षातले साठ दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याची सोय आहे आणि खर्चाचा चाळीस टक्के भार बहुतेक राज्यांवर टाकला आहे. हंगामात मजुराला शेतात काम असते, हे गृहीत धरून ही सोय केली आहे. मग सप्टेंबर २०२५ सारख्या महिन्यात, काढणीला पीकच उरले नाही आणि सरकारी कामही बंद, तेव्हा मजुराने काय करायचे? ज्याला हमीचे काम मिळते तो मालकाशी मजुरीचा भाव बोलू शकतो. ही ताकद काढून घेणे हाच ज्याचा अर्थ होतो, त्याला आपण सुधारणा कशी म्हणायची? आपत्ती जाहीर होताच ही बंदी त्या तालुक्यात आपोआप उठली पाहिजे, हे राज्य सरकारकडून लिहून घेतले पाहिजे. काम मागणीचा अर्ज तोंडी न देता लेखी द्यावा आणि तारखेची पोच घ्यावी. पोच असेल तरच पंधरा दिवसांनंतर बेकारी भत्त्यावर हक्क सांगता येतो.

पुढचे वर्ष कसे जाईल हे वेधशाळाही खात्रीने सांगू शकत नाही. कदाचित २०२३ च्या ऑगस्टसारखा कोरडा महिना जाईल, कदाचित पुन्हा सप्टेंबरमध्ये नद्या घरात शिरतील. कदाचित २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट होईल. हवामान बिघडत जाणार, टोकाचे होत जाणार, एवढे मात्र जगभरचे शास्त्रज्ञ सांगत आहेत. जे आधीच काठावर उभे आहेत ते पहिले बुडणार आणि पहिले तहानलेले राहणार, हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही. म्हणून हा प्रश्न दयेचा नाही, मोजणीचा आहे. आपत्तीत जमिनीचा तुकडा मोजता, तसा राबणारा माणूसही मोजा. बाबासाहेबांनी एक माणूस, एक मूल्य हा मंत्र दिला. तो मतपेटीपुरता नाही, तलाठ्याच्या वहीपुरताही आहे. येत्या जयंतीला मिरवणुकीआधी वस्तीत बैठक घ्या, वही उघडा आणि पहिल्या पानावर पहिल्या घराचे नाव लिहा.